तेराव्याचे अंगठे

आमच्या आत्तीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. ऐकून कोणालाही हसू येईल. तिला स्वतःच्या दारात उभं राहून आल्यागेल्याला "या, बसा" म्हणायचं होतं.

आत्ती म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. तिला पलूसकडे दिली होती. नवरा लवकर गेला, सासरच्यांनी वर्षश्राद्धाचीही वाट न पाहता तिला माहेरी पोचती केली, आणि कोरेगावजवळच्या आमच्या गावी ती भावाच्या घरी आली ती कायमची. आमची आई गेली तेव्हा मी रांगत होते. आबा फौजेत. मला आणि दादाला वाढवलं ते आत्तीने. चूल तिची, गोठा तिचा, आमची आजारपणं तिची. पण दारात पाहुणा उभा राहिला की "या, बसा" म्हणण्याचा मान तिचा नव्हता. आधी तो चुलतआजीचा होता, पुढे दादाचं लग्न झाल्यावर वहिनींकडे गेला. आत्ती पाण्याचा तांब्या घेऊन मागे. "घर ज्येचं त्येनंच म्हनायचं असतं, बाय," असं ती मला एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती. "माजं घर असतं तर मी कुत्र्यालासुदिक म्हनलं असतं." आणि स्वतःच हसली होती.

आबांना तिच्या मनातलं हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. हवालदार होऊन पेन्शनीत आलेला माणूस. माया दाखवायची त्यांची पद्धत म्हणजे हुकूम सोडणं. ओढ्याच्या काठाला त्यांनी आपल्या पगारातून दोन खोल्यांचं एक कौलारू घर आणि पुढची जागा घेतली होती. तिथे आम्ही कडबा आणि औतं ठेवायचो. एके दिवशी जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, "वड्याचं घर माज्यामागं हिचं." झालं. दादा म्हणाला, बरं. वहिनी म्हणाल्या, "द्यायलाच पायजे. आत्तींनी काय कमी केलंय का?" वहिनींचं हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढची हकीकत ऐकून लोक वहिनींना नावं ठेवतात, आणि मला त्याचा संताप येतो.

मी तेव्हा सांगलीला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. एका जैन हळदव्यापाऱ्याच्या माडीवर खोली घेऊन राहत होते. दुसरी मोठी लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, साखर तर दिसायचीच बंद झाली होती. आबा डोळे दाखवायला माझ्याकडे आले, आणि ते काम उरकल्यावर म्हणाले, "चल, स्टांप घिऊ. विल लिवायचं हाय." मृत्युपत्राला ते फौजेतल्या सवयीने विल म्हणत.

मी म्हटलं, "आबा, आमच्या मोठ्या बाईंचे यजमान वकील आहेत. एकदा त्यांना विचारू या."

"कशापायी? मला काय लिवाय येत न्हाई?"

घर कोणतं ते माहीत, द्यायचं कोणाला ते माहीत, हात शाबूत, डोकं शाबूत. मग मधे वकील कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. मुलींना मी व्याकरण शिकवायची, कायदा नव्हे. आम्ही स्टॅम्प घेतला, घरी आलो. माझ्या वह्या तपासायच्या टेबलाशी आबा ताठ बसले आणि वरिष्ठांना वर्दी द्यावी तसं चार ओळींत लिहून मोकळे झाले. ओढ्याकाठचे घर व पुढची जागा मी माझ्या पगारातून घेतली आहे. ती माझ्यामागे माझ्या बहिणीची, मालकीने. यात कोणी बोलू नये. खाली सही, आणि सहीखाली फौजेतला हुद्दा.

त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, "साक्षीदार लागतात ना? मी करते सही. खाली घरमालक बसलेत, त्यांना हाक मारते."

आबा भडकलेच. "बापाच्या सबदाला पोरीची साक्ष? आन् त्या हळदवाल्याचा माज्या घराशी काय संबंद?"

मग जरा निवळले आणि त्यांनी बसऱ्याकडची एक गोष्ट सांगितली. पहिल्या लढाईत तिकडे, समुद्रापलीकडच्या आघाडीवर, पुढे सरकायच्या आधी साहेबाने सगळ्यांकडून लिहून घेतलं होतं, मी पडलो तर माझं जे काही असेल ते अमक्याला द्या. ज्याला लिहिता येत होतं त्याने स्वतः लिहिलं, खाली सही केली. साक्षीदार नाही, स्टॅम्प नाही, काही नाही. आबांच्या शेजारचा खटावकडचा गडी तिथेच पडला, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला सगळे पैसे घरपोच मिळाले. "सरकारनं त्या चिटोऱ्यावर दिलं. हितं तर स्टांप हाय. मग?"

मग काय! आबा ऐकीव सांगत नव्हते. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेही खुद्द सरकारला करताना. माझ्याकडे काय होतं? कुठेतरी कानावर आलेलं, की साक्षीदार लागतात. मी टाक पुसून ठेवून दिला. आबांनी कागदाची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि गाडीने गावी गेले.

त्यानंतरच्या थंडीत ते गेले. छातीत कफ झाला आणि पाहता पाहता माणूस संपला. मी मिरजेहून गाडी धरून पोचले तेव्हा अंगणात मंडळी बसलेली होती. आत्ती कोपऱ्यात बसली होती, आणि तिला रडताही येत नव्हतं, कारण वहिनींचं तान्हं तिच्या मांडीवर झोपलं होतं. दादाचा पहिलाच मुलगा. आबांनी नातवाचं तोंड पाहिलं एवढंच समाधान, असं जो येईल तो म्हणत होता.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. साखर नव्हती म्हणून गुळाची लापशी केली होती. पंगत उठल्यावर दादाने आबांचा कागद आणला आणि चार माणसांत वाचून दाखवला. कोणाला नवल वाटलं नाही; सगळ्या गावाला ते माहीतच होतं. दादा म्हणाला, "आबांनी लिवलंय तसंच हुईल." मला त्याचा फार अभिमान वाटला. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "साक्षीदार कोन हाईत?"

कागदावर कोणीच नव्हतं.

आबांच्या बरोबर फौजेत असलेले एक काका आमच्या गल्लीतच राहत. दर महिन्याला दोघे मिळून पेन्शन आणायला जायचे. ते लगेच पुढे सरसावले. "साक्षीदार न्हाईत म्हंजे? मी हाय की! मला धा येळा सांगितलंय त्यानं, घर भनीला द्यायचं म्हनून. आना हिकडं." त्यांच्यामागून आमच्या बांधाला बांध असलेले शेजारी उठले. "मला बी ठावं हाय. माजा बी घ्या." दिव्याची काजळी तेलात कालवली आणि दोघांनी आबांच्या सहीशेजारी डाव्या हाताचे अंगठे उमटवले. लग्नात अक्षता टाकायला लोक पुढे येतात ना, तसे ते आले होते. त्यांच्या मनात खोट नव्हती, कोणाच्याच नव्हती. काका तर अंगठा उठवल्यावर आबांच्या रिकाम्या जागेकडे पाहून सलाम करून बसले, आणि आम्ही सगळे पुन्हा रडलो.

दुसऱ्या दिवशी आत्ती ओढ्याच्या घरी गेली. तिने पुढची खोली झाडली, सारवली, कुठून तरी चुना पैदा करून भिंती पांढऱ्या केल्या. पण सगळ्यात जास्त वेळ तिने उंबऱ्याला दिला. जाता येता उगाच दारात उभी राहायची. मी म्हटलं, "आत्ती, म्हण की मला, ये, बस." ती लाजली. "आजून नावावर कुटं झालंय? हुंदे, मग म्हनीन." मी सांगलीला परत जायच्या आधी तेवढं काम उरकावं म्हणून दादा आणि मी तलाठ्याकडे गेलो. तलाठ्याने कागद उलटापालटा केला आणि म्हणाला, साताऱ्याला एखाद्या वकिलाला दाखवून आणा, मग नोंदीचं बघू.

पेट्रोलअभावी कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून, काळी तोंडं घेऊन, आम्ही साताऱ्याला उतरलो. वकील पोक्त होते, बोलायला सरळ. त्यांनी कागद वाचला आणि पहिल्यांदा हसले. "मृत्युपत्राला स्टॅम्प लागतच नाही. आणि हा तर सांगली संस्थानचा. घर सातारा जिल्ह्यातलं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. असो, त्याने काही बिघडत नाही." मग त्यांचं बोट अंगठ्यांवर आलं. "हे दोघे वडिलांनी सही केली तेव्हा समोर होते?"

"न्हाई," दादा म्हणाला.

"मग वडिलांनी नंतर यांना कागद दाखवून, ही माझी सही, असं सांगितलं?"

"न्हाई. त्येंनी तेराव्याला केलं."

"कोणाच्या?"

"आबांच्याच की."

वकिलांनी कागद टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. "हे कोणाला सांगू नका. साक्षीदार दोन लागतात, आणि त्यांनी मृत्युपत्र करणाऱ्याच्या हयातीत, त्याच्या समोर सही करायची असते. मेलेल्या माणसाच्या कागदावर मागाहून साक्ष घालणं याला कायद्यात फार वाईट नाव आहे. त्या दोन म्हाताऱ्यांना तुम्ही अडकवाल."

मी म्हटलं, "पण मी समोर होते. त्यांनी लिहिलं, सही केली, मला वाचून दाखवलं."

"तुम्ही कागदावर सही केलीत?"

"करते म्हटलं होतं. त्यांनी करू दिली नाही."

"मग कायद्याच्या दृष्टीने तुम्ही नव्हतात."

मी नव्हते! माझ्या खोलीत, माझ्या टेबलाशी, माझ्या टाकाने लिहिलेला कागद, आणि मी नव्हते. आणि जे दोघे कोसांवर आपापल्या रानात होते त्यांचे अंगठे मात्र तिथे होते. मी वकिलांना बसऱ्याची गोष्ट सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "लढाईवर असलेल्या शिपायाला तशी सूट असते. तिथे साक्षीदार कुठून आणणार? पण तो घरी येऊन पेन्शन घ्यायला लागला की तुमच्याआमच्यासारखाच. वडिलांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. फक्त ते इथलं नव्हतं." मला आबांचा राग आला, आणि रागावर रडू आलं. कोणाला विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. माझे घरमालक खाली हळदीच्या पोत्यांवर बसून जांभया देत होते. हाक मारली असती तर ते पायऱ्या चढून वर आले असते.

दादा मात्र अजून उमेदीत होता. तो म्हणाला, "जाऊंदे वकीलसाहेब. कागुद न्हाई तर न्हाई. मी येकलाच वारस हाय, मी दितो आत्तीला लिवून. मग तर झालं?"

मला वाटलं, सुटलो. किती सोपं होतं!

"मुलं किती तुम्हाला?" वकिलांनी विचारलं.

"एक पोरगा हाय. पर त्ये आजून पालथं बी पडत न्हाई."

"अडचण त्याचीच आहे," वकील म्हणाले. मग त्यांनी आम्हाला जे समजावलं ते मी तिथे तीनदा विचारून घेतलं, आणि तरी उतरताना जिन्यात मला पुन्हा कळेनासं झालं. आबांचं मृत्युपत्र टिकलं असतं, तर घर सरळ आत्तीकडे गेलं असतं, दादा मधे आलाच नसता. आबांना स्वतःच्या कमाईचं घर कोणालाही द्यायची मुभा होती. पण आता ते मृत्युपत्राशिवाय गेले असं धरायचं. त्या काळी भाऊ असताना मुलीला वाटा नसे, म्हणून घर वारसाने एकट्या दादाकडे आलं. आणि बापाकडून वारसाने आलं की ते वडिलोपार्जित झालं, त्यात दादाच्या मुलाचा जन्मापासूनचा वाटा. वडिलोपार्जित घर दादा एकटा कोणाला बक्षीस देऊ शकत नाही. दिलं, तर पोरगा मोठा होऊन दावा लावील आणि जिंकेल.

"पोरगं काय दावा लावतंय आत्तीवर?" दादा म्हणाला.

"तो नाही लावणार कदाचित. त्याच्या वतीने दुसरं कोणी लावेल. आत्तींना राहू द्या तिथे. कोण हाकलतंय? फक्त घर त्यांचं म्हणता येणार नाही."

परतताना मोटारीत मी मनातल्या मनात हिशेब घालत होते. आबांची इच्छा होती. दादाची तयारी होती. वहिनींची ना नव्हती. गावाची साक्ष होती. नाही म्हणणारा एकही माणूस नव्हता, आणि तरी होत नव्हतं. मग नाही म्हणत होतं कोण?

गावात शिरल्याबरोबर फौजेतल्या काकांना सांगावं लागलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "माजा अंगठा खोटा? इचारू दे कोर्टाला! मी सांगन की छातीवर हात ठिऊन, तेराव्याला केला, लापशी खाऊन केला, आन् खरा केला." दादाने कपाळाला हात लावला. ते दोघे कोर्टात खोटं बोलले असते, आबांनी आम्हाला कागद दाखवला होता म्हणाले असते, तर कदाचित आबांचा खरा शब्द टिकला असता. पण ते खरं बोलणार होते, त्यामुळे तो खोटा ठरणार होता. बांधावरच्या शेजाऱ्यांनी सुचवलं, इंग्रजांविरुद्ध उठून रानात राहणारी, गावोगाव निवाडे देणारी जी पोरं आहेत त्यांच्याकडे जाऊ. तिथे साक्षीदार मोजत नाहीत. दादा म्हणाला, "निवाडा द्येतील वो, पर उताऱ्यावरचं नाव कोन बदलनार?" त्या काळात आमच्याकडे राज्यंच इतकी झाली होती की नेमकं कोणाचं ऐकायचं तेच समजत नसे. शेवटी ते दोघे अडकू नयेत म्हणून दादाने त्यांच्याच समोर तो कागद चुलीत घातला. आबांचं अक्षर त्या आगीत जाताना पाहणं मला फार जड गेलं.

आत्ती न्हाणीपाशी होती. पाय पसरून बसली होती आणि पायांवर बाळाला पालथं घालून अंघोळ घालत होती. दादाला सांगवेना, म्हणून मीच सांगितलं. घर तुझ्या नावावर होऊ शकत नाही. ते दादाचं झालं, आणि दादाबरोबर याचं.

"येचं?" आत्तीने पायांवरच्या बाळाकडे पाहिलं. "ह्यो मालक?"

"हो."

ती हसायला लागली. खरंच हसली. बाळाच्या ओल्या पाठीवर थोपटत म्हणाली, "आवं मालक, आमाला ठेवता न्हवं घरात? का काडता भायेर?" बाळाने नेमकी तेव्हाच धार सोडली. वहिनीही हसल्या, मीही हसले. मग तिने त्याला उताणं केलं, त्याच्या डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून कपाळावर हात आडवा धरला आणि पुढचा तांब्या ओतला.

त्यानंतर वहिनी बदलल्या असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. आधी ते घर सासऱ्यांचं होतं, आणि सासऱ्यांचं दुसऱ्याला द्यायला त्यांचं मन मोठं होतं. आता कोणा मोठ्या वकिलाने सांगितलं होतं की ते त्यांच्या लेकराचं आहे. एकदा हे कानावर पडल्यावर कोणती आई ते विसरेल? "आत्ती ऱ्हाऊंद्यात की खुशाल," त्या म्हणायच्या. "पर लेकराचं हाय, आमी कोन द्यानार?" मागच्या खोलीतला कडबा तिथेच राहिला. पुढच्या खोलीत आत्तीने चूल मांडली. कौल फुटलं की ती दादाला विचारून बदलायची. परसात शेवगा लावायचा होता, तोही तिने विचारून लावला. दादा वैतागून म्हणायचा, "मला काय इचारतीस गं?" त्यावर ती म्हणायची, "मग कुनाला इचारू? त्येला आजून बोलता येत न्हाई."

मी सांगलीला परतले. शाळेच्या मोठ्या बाईंच्या यजमानांना मी सगळं सांगितलं, उगाचच, आता काय उपयोग होता! ते म्हणाले, तेव्हाच आला असतात तर चहा होईपर्यंत काम झालं असतं. या वाक्यानंतर मी पुष्कळ दिवस त्यांच्या घरी चहा घेतला नाही. त्यांचा काय दोष होता? काही नाही. पण दोष कोणाचाच नसला की राग जायचा कुठे?

पुढच्याच्या पुढच्या दिवाळीला मी गावी गेले. सुटीचा पहिला दिवस. घरी पिशवी टाकली आणि तशीच ओढ्याकडे निघाले. आत्तीने अंगण सारवून रांगोळी घातली होती. शेवगा माझ्या डोक्याच्या वर गेला होता. ती मला लांबून पाहून दारात आली, आणि माझ्या मनात आलं, आता म्हणेल. नाव नाही, उतारा नाही, तरी दार तर तिने सारवलेलं आहे, आता म्हणेल. मी अंगणात मुद्दाम थांबले.

आत्ती उंबऱ्यावरून बाजूला झाली. मागे वळून तिने आत हाक मारली, आणि दादाचा मुलगा लुटुलुटु चालत बाहेर आला. हातात अर्धी करंजी, तोंडाला सारण लागलेलं. आता तो दिवसभर तिच्याकडेच असे. तिने त्याला धरून दारात मधोमध उभं केलं.

"मालक, पाव्हनं आल्यात," ती म्हणाली. "काय म्हनायचं असतं? म्हना."

तो माझ्याकडे टकामका पाहत राहिला. मग करंजीचा हात पुढे करून म्हणाला, "या, बशा."

मी आत जाऊन बसले. आत्ती पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागे उभी होती.